कोळशाची रेघ

वही दोनशे पानी आहे, शाळेच्या दुकानात मिळायची तशी. पुठ्ठ्यावर खाकी कव्हर, कडा तेलकट. आत निळ्या शाईने माणसं काढली आहेत. डोकं म्हणजे गोल, हातपाय म्हणजे रेघा आणि प्रत्येक जोडीतल्या एकाच्या हातात सुरी. पायांपाशी बाण आणि बाणांशेजारी बारीक अक्षरात सूचना: ‘डावा पाय अर्धं पाऊल मागं.’ ‘नजर खांद्यावर, पात्यावर न्हाई.’

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या जुन्या वस्तादांची ही वही. वस्ताद चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पुतण्याने ती आमच्या संपादकांकडे पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. काकांनी जन्मभर जे शिकवलं ते लोकांपुढे यावं, लेकीबाळींच्या उपयोगी पडावं. यंदाच्या अंकाचा विषय ‘निर्भय’ असा ठरलेला होता. संपादकांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, “छापायची का? चित्रांसकट?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनात आधी ‘हो’ आलं, कारण ज्ञान कोंडून ठेवलं की कुजतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाठोपाठ ‘नको’ आलं, कारण रोज सकाळी पेपरात कोयत्याची एक तरी बातमी असते. दोन्ही उत्तरं घरबसल्या सुचलेली होती. म्हणून वही पिशवीत घातली आणि कोल्हापूरची गाडी धरली.

“धरा माझा हात”

तालमीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कोपऱ्यात मारुतीची शेंदरी मूर्ती, समोर उदबत्ती. भिंतीला खुंट्यांवर लाठ्या, वेताच्या छड्या, कातडी ढाली आणि दांडपट्ट्याची दोन लांब पाती. अंगणात दहा-बारा पोरं-पोरी लाठी फिरवत होती आणि एक मुलगा हलगीवर ताल धरून होता. मर्दानी खेळ म्हटलं की आपल्याला शिवजयंतीच्या मिरवणुकीतला पट्टा आणि लिंबू कापणारा पट्टेकरी आठवतो. रोजचा सराव मात्र फार साधा असतो. त्यात निम्म्याहून जास्त वेळ नुसते पाय चालतात.

आताचे वस्ताद साठीच्या घरातले, जुन्या वस्तादांचे शागीर्द. त्यांनी हात धोतराला पुसले, वही घेतली आणि उभ्याउभ्याच चाळली. “अक्षर त्यांचंच,” एवढं बोलून ते बराच वेळ गप्प राहिले.

मी विचारलं, “छापावी का?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. खुंटीवरून लाकडी जंबिया काढला, वीतभर लांबीचा, टोक बोथट केलेला. चहाच्या शेगडीतला विझलेला कोळसा उचलून त्याच्या धारेवर घासला. “त्या पानावर दावलंय तसं करा. धरा माझा हात.”

ते पान मी गाडीत तीनदा वाचलं होतं. पाऊल कुठे, हात कुठे, सगळं पाठ होतं. वस्ताद पुढे आले. दहा सेकंदही झाली नसतील. त्यांचा हात माझ्या हाताला लागलाच नाही. लागलं ते लाकूड.

“मोजा.”

मी बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत पाच काळ्या रेघा, तळव्यावर एक आडवी, सदऱ्यावर बरगडीपाशी एक. एकूण सात.

“चित्रात सुरी थांबल्याली असती,” वस्ताद म्हणाले. “हातात ती थांबत न्हाई.”

मग त्यांनी मला बसवून शिकवण्याचा क्रम सांगितला. पहिले सहा-आठ महिने लाठी. लाठीत दोन माणसांमध्ये अंतर असतं आणि चूक झाली तर टेंगळावर निभावतं. त्यानंतर फरी-गदगा, म्हणजे एका हातात छोटी ढाल आणि दुसऱ्या हातात कातड्यात गुंडाळलेली छडी. त्यात वार आणि अडवणूक एकदम चालवायची सवय होते. सुरी सगळ्यांत शेवटी, कारण तिथे अंतरच उरत नाही. आणि ती सगळ्यांनाच शिकवली जाते असंही नाही.

“पोरगं तापट असलं तर?”

“काठीवरच ठिवायचं. दोन वर्सं, तीन वर्सं. त्याला वाटतंय मी शिकवत न्हाई. मी बघत असतुया.”

मला वाटतं, तालमीचं सगळं शास्त्र त्या ‘बघत असतुया’मध्ये आहे. कोण हरल्यावर चिडतो, कोण लहान पोराला मुद्दाम जोरात मारतो, कोण चूक झाल्यावर आधी समोरच्याला लागलं का ते विचारतो, हे वस्ताद रोज बघतात. वहीला हे दिसत नाही. ती जो उघडेल त्याच्यापुढे उघडते.

निघताना मी विचारलं, “सुरीच्या वाराला खरी तोड कोणती?” कुस्तीत काय नि शस्त्रात काय, प्रत्येक डावाला तोड असते अशी तालमीची श्रद्धा आहे. वस्तादांनी माझ्या पायांकडे बोट केलं.

“पळा. जागा असंल तर पळा. न्हाईच पळता आलं तर मग वही.”

बडोद्याचे दहा खंड

ज्ञान झाकून ठेवण्याचं मोलही आपण मोजलं आहे. वस्ताद गेला की त्याच्याबरोबर डाव गेला, अशा हकिकती प्रत्येक जुन्या तालमीत ऐकायला मिळतात. शेवटचा डाव राखून ठेवायचा, चेल्यालाही द्यायचा नाही, ही रीत होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरवलं. हत्यारांची विद्या हळूहळू खेळ होऊन, लाकडाच्या आणि वेताच्या रूपात उरली.

या झिजण्याला ज्यांनी कागदावर अडवलं, त्यांत दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचं नाव पहिल्या रांगेत घ्यायला हवं. बडोद्याहून त्यांनी १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढायला घेतला आणि पुढे त्याचे दहा खंड झाले. १९५० मध्ये त्यातलं सार इंग्रजीतही आलं. ज्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तालमींना आश्रय दिला, जिथे जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांनी पिढ्या घडवल्या, त्या गावात हे काम व्हावं हे साहजिक होतं. तो काळच झाकलेलं उघडं करण्याचा होता. त्याच १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले खेळ जगाला दाखवून आलं.

पुण्यातल्या एका ग्रंथालयात मी ते खंड मागवले. पानं पिवळी पडलेली, काही सुटी झालेली. त्यात मल्लखांब आहे, कुस्ती आहे, लाठी आहे आणि जंबियाही आहे. लंगोट कसलेली माणसं कॅमेऱ्यासमोर पवित्र्यात उभी आहेत, एकाच्या हातात हत्यार, दुसरा ते अडवतो आहे. म्हणजे संपादकांनी मला विचारलेला प्रश्न मुजुमदारांपुढेही होता आणि त्यांनी तो ‘छापा’ असा सोडवला होता. त्यांनी छापलं म्हणून आज आपल्याला यातल्या कित्येक गोष्टींची नावं तरी ठाऊक आहेत.

दुपारभर ती पानं उलटताना मला एक फरक जाणवत गेला. दहा खंडांचा हा ग्रंथ ज्याने त्या काळी घेतला असेल, त्याच्या गावात बहुधा तालीम होती. चित्र पाहून तो मातीत उतरत असे. तिथे त्याची चूक दाखवणारा कोणीतरी उभा असे. ज्ञानकोश हा तालमीच्या शेजारी ठेवलेला ग्रंथ होता. आज तेच चित्र हलतं होऊन मोबाइलवर येतं, मिनिटभरात संपतं आणि पाहणाऱ्याच्या आसपास बहुतेक वेळा तालीम नसते.

गुंडाला शिकवणी लागत नाही

छापण्याच्या विरोधात सगळ्यांत आधी येणारा मुद्दा हा: वाईट माणसाच्या हाती पडेल. मी बराच विचार केला आणि हा मुद्दा मला कमजोर वाटतो. पुण्यात २०२२ च्या अखेरीस कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांनी शहर हैराण झालं. २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी आधार कार्ड पाहूनच कोयता विका, असं दुकानदारांना बजावलं. ऊसतोडीचं, नारळ सोलायचं हत्यार विकत घ्यायला ओळखपत्र लागू लागलं. त्या टोळक्यांतल्या मुलांनी कुठल्या वहीतला पवित्रा गिरवला नव्हता. कोयता उचलायचा आणि फिरवायचा, एवढं त्यांना पुरत होतं. वार करायला विद्या लागत नाही. विद्या लागते ती न करायला.

खरा धोका दुसरीकडे आहे आणि तो प्रामाणिक वाचकाला आहे. जानेवारी २०१३ मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, शिवसेनेने मुंबईत बायकांना स्वसंरक्षणासाठी छोटे चाकू वाटले होते. त्यामागची भावना समजू शकते. त्या दिवसांत प्रत्येक घरात हीच घालमेल होती. पण पर्समध्ये तळाशी गेलेला चाकू घाबरलेल्या हाताला सापडतो का? सापडला तर तो कोणाच्या हातात राहतो? चाकू देता येतो, हात देता येत नाही. वहीबद्दल मला हीच काळजी वाटत होती.

चणे उचलणारी बोटं

एका सरकारी रुग्णालयात हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. माझ्या हातावरच्या रेघा साबणाने धुऊनही पुरत्या गेल्या नव्हत्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि काही न विचारता हात टेबलावर घेतला.

“ही, ही आणि ही,” पेनाच्या टोपणाने त्यांनी दाखवलं. “याच जागा. शवविच्छेदनाच्या अहवालात यांना बचावाच्या जखमा म्हणतात. माणूस हात आडवा घालतो किंवा पातं धरतो.”

तळव्यावरच्या रेघेपाशी ते थांबले. अंगठा सोडला तर प्रत्येक बोट मिटायला दोन कंडरा असतात. बोटाच्या मधल्या भागापासून तळव्यावरच्या दुमडीपर्यंत त्या दोन्ही एकाच अरुंद बोगद्यातून जातात. या पट्ट्यात कंडरा तुटली तर ती जोडणं इतकं अवघड की शल्यचिकित्सकांनी त्याला फार पूर्वी ‘नो मॅन्स लँड’ असं नाव दिलं. आता शस्त्रक्रिया चांगल्या होतात. तरी सुमारे सहा आठवडे पट्टी आणि जड काम करायला तीन महिने. पातं मुठीत धरणारा माणूस नेमका याच पट्ट्यावर धार ओढून घेतो.

शेजारच्या खोलीत एक तरुण स्टीलच्या वाटीतून भिजवलेले चणे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकत होता. भावाच्या भांडणात मध्ये पडला होता. अनामिका वळत नव्हती. चणा तिच्यापाशी आला की निसटत होता आणि तो पुन्हा उचलत होता. फिजिओथेरपिस्ट बाई शांतपणे म्हणत होत्या, “अजून एक.”

डॉक्टर म्हणाले ते मात्र नीट ऐकायला हवं. “हात मध्ये घातला म्हणून चुकलं, असं मी कोणालाच सांगत नाही. हात मध्ये आला म्हणून पोट वाचलं, अशी माणसं माझ्याकडे येतात. बोट मी दुरुस्त करेन. पण जखमी माणूस माझ्यापर्यंत येईतो रक्त थांबवणं बाहेरच्यांच्या हातात आहे आणि ते कोणाला येत नाही.” मग त्यांनी ते सांगितलं. ते सोपं आहे आणि मी पुढे लिहिलं आहे.

शनिवारचा वर्ग

पुण्यातल्या एका महाविद्यालयात शनिवारी मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या ताई पंधरा वर्षं हे काम करतात. एक दिवसाच्या शिबिरात त्या सुरी हिसकावण्याचा डाव शिकवत नाहीत. मुली मागतात, प्राचार्य मागतात, छायाचित्रकार तर हमखास मागतात.

“दिवसभरात तो डाव मैत्रिणीवर जमतो,” ताई म्हणाल्या, “कारण मैत्रीण सुरी पुढे करून थांबते. मुलगी घरी जाते ती ‘मला येतं’ असं समजून. जिथं पळायला हवं तिथं ती थांबली, तर ते माझ्यामुळे.”

मग शिकवतात काय? सगळ्यांत आधी आवाज. बारा मुली भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि एकेकीने ओरडायचं होतं. पहिल्या चौघींना ओरडताच येईना, हसू फुटत होतं. पाचवी ओरडली आणि व्हरांड्यातले शिपाईमामा धावत आले. ताई म्हणाल्या, “बघा, कोण आलं.”

मग अंतर. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात दाखवलं होतं की सुरीवाला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. ताईंनी वर्गात २१ फुटांवर खडूने रेघ मारली. तिथून एक मुलगी धावत आली आणि दुसरीने आपल्या सॅकची चेन उघडायची होती. दहापैकी एकीलाही ती वेळेत उघडता आली नाही. मग सॅक तशीच, बंद, छातीपुढे धरायला शिकवली. मध्ये टेबल, खुर्ची, उभी मोटार, जे मिळेल ते आणायचं आणि दाराच्या दिशेने सरकायचं.

शेवटी घर. धमकी देणारा पुष्कळदा ओळखीचा असतो आणि सगळ्यांत जवळची सुरी स्वयंपाकघरात असते. “भांडण चढायला लागलं की ओट्यापाशी थांबू नका. बाहेरचं दार जवळ असेल अशा खोलीत या,” ताई सांगत होत्या. दोन मुलींनी माना खाली घातल्या. त्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी एका मुलीमागे कोयता घेऊन धावणाऱ्या तरुणाला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी धरलं. तिचा जीव वाचला. त्या क्षणाचा विचार मी ताईंच्या वर्गात बसून केला. ती पळत होती, मदत मागत होती आणि कोणीतरी पाठ फिरवली नाही. एकाने कोयत्याचा हात पकडला, मग इतरांचे हात आले. या तीन गोष्टी प्रत्येकाला शिकवता येतील.

कायद्याचा काटा

फौजदारी वकिली करणाऱ्या एका स्नेह्यांनी वही रात्रभर ठेवून घेतली. बचावाचा डाव शिकवणं किंवा छापणं याला कायद्याची आडकाठी त्यांना दिसली नाही. हत्यार बाळगणं हा वेगळा प्रश्न. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात आणि घरकाम, शेती, उद्योगाची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात किंवा शहरात बंदी आदेश असेल, तर सुरी काय, काठीसुद्धा बाहेर घेऊन फिरता येत नाही. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की असे आदेश निघतात.

त्यांनी वहीतल्या एका पानावर चिठ्ठी लावली होती. त्या पानावर तीन चित्रं आहेत. पहिल्यात वार चुकवला, दुसऱ्यात सुरी सुटली, तिसऱ्यात तीच सुरी हल्लेखोरावर.

“रणांगणावर तिसरं चित्र बरोबर आहे,” ते म्हणाले. “आज नाही.” जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. जीव घेणारा हल्ला असेल, बलात्काराचा, ॲसिडचा हल्ला असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बाजूने उभा राहतो. २०१० च्या दर्शन सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की संकटात सापडलेल्या माणसाने प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलावा, अशी अपेक्षा नाही. मात्र धोका संपला की हक्क संपतो. सुरी सुटून तो पळू लागला आणि तुम्ही मागून वार केला, तर तिथून पुढे आरोपी तुम्ही. “वहीत दुसरं चित्र आणि तिसरं चित्र यांच्यात अर्धा इंच जागा आहे,” वकील म्हणाले. “कोर्टात त्या अर्ध्या इंचावर सात-आठ वर्षं जातात.”

काय छापलं, काय नाही

वहीतले वार आणि हिसकावण्याचे डाव या अंकात नाहीत. झाकून ठेवावं म्हणून नाही, तर वस्ताद नसताना ते पान अपुरं आहे म्हणून. त्या पानाने जी खात्री मिळते ती खोटी असते आणि तिची किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागते. वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती मात्र काढल्या आहेत. जो कोणी या विद्येचा अभ्यास करील, तिच्यावर लिहील, तालमीत शिकवील, त्याला त्या मिळतील. मुजुमदारांनी दाखवलेली वाट बुजवायचा आपल्याला अधिकार नाही.

जे सगळ्यांना द्यायलाच हवं, ते इथे देतो. आणि ते भिंतीवर लावा, मुलांना पाठ करायला लावा.

सुरी दिसली की पैसे, मोबाइल, साखळी देऊन टाका. जागा असेल तर पळा, माणसं आणि उजेड असेल तिकडे. पळता पळता ओरडा. पळता येत नसेल तर मध्ये काहीतरी आणा. सुटका झाली की थांबू नका, परत फिरू नका. ११२ वर पोलिसांना आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करा. कोणाला लागलं असेल तर स्वच्छ कापड, ओढणी, रुमाल, जे असेल ते जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबा आणि मदत येईपर्यंत दाब सोडू नका. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा, पहिलं उचलून बघू नका. सुरी अंगात रुतलेली असेल तर ती काढू नका, हलू देऊ नका. तीच रक्ताला अडवून असते.

यातलं काहीही गुंडाच्या उपयोगाचं नाही. सगळं त्याच्या विरोधात जाणारं आहे.

वही परत करायला मी पुन्हा कोल्हापूरला गेलो. पुतण्या तालमीत आला होता. छापलं नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. “मग काकांचं काय राहिलं?” त्याने विचारलं. मला बोलता आलं नाही. वस्तादांनी वही घेतली, मारुतीपुढे ठेवली आणि अंगणातल्या एका पोरीला हाक मारली. चौदा-पंधरा वर्षांची, दोन वेण्या, तीन वर्षं लाठीवर असलेली. तिच्यापुढे त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. पुतण्या वाकून पाहू लागला. पोरीने पाय लावले, डावा अर्धं पाऊल मागं.

वस्तादांनी शेगडीतून कोळसा उचलला आणि लाकडी धारेवर घासला. हलगी थांबली. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मोज.”

पोरीने बाही वर करून हात दिव्याकडे धरला. “सहा.”

“पुन्यांदा,” वस्ताद म्हणाले आणि पुन्हा कोळसा घासू लागले.